वेशीतली शाळा आणि भिंतीवरचा पोपट

फसली १३५२, शहरेवर महिन्याची पहिली तारीख. इंग्रजी १९४३च्या जुलैचा पहिला आठवडा सरला होता. गोठ्यामागे तीन दगडांच्या चुलीवर मडकं चढवून मी बिब्बे कढवत बसले होते.

परीट कपड्यावर खूण करतो तोच हा बिब्बा. शाळेशी त्याचा काय संबंध, असं कुणी विचारील, म्हणून आधी तेच सांगते. ताडकळसच्या पुढे दोन कोसांवरच्या एका गावात मुलींची नवी शाळा निघायची होती. गावाचं नाव देत नाही, तिथली माणसं अजून मला ओळखतात. सरकारकडून एक खुर्ची, एक घंटा आणि हुजुरांची, म्हणजे निजामाची, तसबीर आली होती. फळा मागाहून येणार होता. सरकारी कारभारात मागाहून म्हणजे कधी, हे त्या काळच्या माणसांना सांगायला नको. तेव्हा पाटलांनी शाळेसाठी रिकाम्या करून दिलेल्या गोठ्याची एक भिंत लिंपून मी फळ्यासारखी गुळगुळीत केली. आता ती काळी करायची होती. गावोगावचे मास्तर कोळशाची पूड आणि भोपळ्याच्या पाल्याचा रस फासत. तो रंग आठ दिवसांत खडूबरोबर निघून येतो. धोतरावरची बिब्ब्याची खूण धोतर फाटलं तरी जात नाही, मग भिंतीवरची का जावी, असा माझा हिशेब. बिब्ब्याचं तेल, कंदिलाची काजळी आणि थोडं जवसाचं तेल.

बिब्ब्याचा धूर लागला की अंग उततं, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या आईला बिब्बा कधी उतला नव्हता, तेव्हा मलाही उतणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

आता माझ्याकडे ट्रेनिंगच्या मुली येतात. ‘बाई, पहिल्या वर्षाची तयारी कशी करायची?’ असं वही उघडून विचारतात. मी त्यांना फळा, खडू, चिंचोके, धूळपाटी सगळं सांगते. तिथं आपल्याबरोबर दुसरी कोण येणार आहे, ती आधी बघून ठेवा, असंही सांगावंसं वाटतं. ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते.

माझ्याबरोबर कुसुम होती.

हुकूम असा होता की, या जनाना मदरशासाठी दोन उमेदवार पाठवल्या आहेत. सहा शहरेवरला शाळा उघडेल. त्या दिवशी तपासणीस बाई स्वतः येतील, पाहतील आणि दोघींतून एकीला कायम करतील. दुसरीनं घरी जायचं. कुसुमचं घर म्हणजे परभणीला कचेरीत पेशकार असलेल्या वडिलांचं, दारात छकडा असलेलं. माझं घर म्हणजे जिंतूरला भावाचं. सोळाव्या वर्षी मी विधवा होऊन तिथं परतले होते. भाऊ चांगला होता. वहिनीही वाईट नव्हती. पण त्या घरात माझं ताट शेवटी वाढलं जाई, आणि ते मरेपर्यंत शेवटीच वाढलं जाणार, हे मला दिसत होतं. शाळेची पाच वर्षं आणि परभणीतलं सहा महिन्यांचं ट्रेनिंग मी त्या ताटावरून उठण्यासाठी केलं होतं. समाजसेवेची आवड वगैरे नंतर भाषणात घालायला सुचली.

कुसुम आदल्या संध्याकाळी आली होती. एकोणीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं, गोरी, आणि आवाज असा की बैलसुद्धा रवंथ थांबवून ऐकतील. उर्दू तर अशी बोले की जिभेखाली खडीसाखर धरली असावी. माझी उर्दू परीक्षेपुरती. लिहायला जमे, तोंडातून निघताना तिचं जिंतूर होई. छकड्यातून उतरताच तिनं मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, ‘तुम्ही माझ्याहून मोठ्या, मी तुम्हाला अक्का म्हणेन.’ मी तिच्याहून तीनच वर्षांनी मोठी होते. त्याच क्षणी ती मला आवडेनाशी झाली.

मुली गोळा करणं हे शाळेच्या तयारीतलं सगळ्यात अवघड काम. तेव्हा मुलीला शाळेत घालायचं म्हणजे घरातले दोन हात कमी करायचे. आम्ही दोघी दारोदार निघालो. माझी पद्धत सरळ होती. आईला विचारायचं, पोरगी किती वर्षांची, सकाळी काय काम करते, दुपारी काय, धाकटं मूल कोण सांभाळतं. मग तिला सांगायचं की, एवढा वेळ मोकळी करा, बाकीच्या वेळी ती तुमचीच. पहिल्याच घरी ती बाई म्हणाली, ‘तुमी पटवाऱ्याच्या कोन? शेतसारा लावायला आलाव का?’

कुसुम काहीच विचारत नसे. उंबऱ्यावर बसे, चाळणीतले दाणे निवडू लागे आणि गुणगुणायला सुरुवात करी. पाच मिनिटांत चार पोरी तिच्या गुडघ्याला चिकटलेल्या असत. आया तिला पाणी देत, गूळ देत, लग्न कधी म्हणून विचारत. मलाही पाणी देत, पण माझ्या कपाळाकडे बघून. एक म्हातारी तर स्पष्टच बोलली. ‘पोरीला पयलं अक्षर कुसूमबाईनंच काढून द्यावं. तुमचा राग न्हाई बाई, पर तुमाला ठाव हाय.’

मला ठाव होतं. राग म्हातारीचा आलाच नाही. राग आला तो ‘अक्काच देतील, अक्कांचं अक्षर माझ्यापेक्षा छान आहे,’ असं पटकन म्हणणाऱ्या कुसुमचा. एकदा तरी ती वाईट वागली असती, तर मला किती सोपं झालं असतं!

पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती आणि माझ्या आली होती. ज्या पोरी तिच्याभोवती जमत, त्यांतल्या निम्म्यांच्या कडेवर मूल होतं. आई खुरपायला गेली की धाकटं भावंड पोरीच्या कडेवर. गाणं ऐकायला ती पाच मिनिटं येईल, शाळेत कशी बसेल? पाटलांच्या घरी भागी नावाची आठ वर्षांची नात होती. तिच्या कडेवरचा भाऊ तिच्यापेक्षा थोडाच लहान दिसे. मी तिच्या आजीला, म्हणजे पाटलीणबाईंना म्हटलं, ‘जुनी लुगडी द्या. गोठ्याच्या आढ्याला झोळ्या बांधते. पोरींनी पोरं घेऊनच यावं. झोळीत टाकावीत नि पाटी धरावी.’

पाटलीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘मास्तरीणबाई, ही साळा हाय का बाळंतिणीची खोली?’

‘पहिलं वर्ष दोन्ही.’

त्यांनी लुगडी दिली. मी झोळ्या बांधल्या, आणि माझ्या मनात आलं की, आता बघू गाणं जिंकतं की गाठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे डोळे उघडेनात. बिब्बा आईला उतत नव्हता, मला उतला. तोंड भोपळ्यासारखं, दोन्ही हात कोपरापर्यंत फोडांनी भरलेले. भिंत मात्र अशी काळीभोर झाली होती की, तिच्यात बघून भांग पाडता आला असता. मी भांग पाडायच्या अवस्थेत नव्हते.

कुसुमनं खोबरं चावून त्याचा लेप माझ्या हातांना लावला. तीळ वाटून तोंडाला लावले. पेज करून घातली. आणि ‘तुम्ही पडून राहा अक्का, मी एकटी फिरून येते,’ म्हणून गावात गेली. गावानं आम्हा दोघींना राहायला दिलेल्या खोलीत पडून मी सगळं ऐकत होते. पलीकडच्या आळीतून पोरींचा आवाज येई. ती त्यांना हुजुरांच्या सलामतीची दुआ शिकवत होती. ती प्रत्येक शाळेत म्हणावीच लागे. मला ती शिकवायला पंधरवडा लागला असता. दोन दिवसांत गावातल्या पोरी शेण गोळा करताना अर्थ न कळता तालासुरात ती म्हणू लागल्या. मी लेप वाळवत पडले होते आणि माझी शाळा माझ्या कानादेखत तिची होत होती.

तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. गोठ्यात जाऊन पाहते, तर माझ्या काळ्या भिंतीला चुना आणि गेरूची वेल काढलेली. कोपऱ्यात एक पोपट. मान वाकडी, डोळा मिश्कील, चोचीत मिरची. खाली बारीक, वळणदार अक्षरांत नाव घातलेलं: कुसुम.

‘अक्का, भिंत फार काळी दिसत होती,’ ती म्हणाली. ‘पोरींना भीती वाटली असती.’

‘फळा काळाच असतो,’ मी म्हटलं.

पोपट उत्तम होता. मला पोपटाचा राग नव्हता. माझ्या फोडांवर तिचं नाव होतं, त्याचा होता.

पाट्या परभणीहून आणायच्या राहिल्या होत्या. कुसुम म्हणाली, ‘बाबांचा छकडा मागवते. मी जाते आणि सहा तारखेला बेगमसाहेबांबरोबरच पाट्या घेऊन परत येते.’ तपासणीस बाईंना सगळे बेगमसाहेबा म्हणत. म्हणजे ताडकळसच्या रात्रीच्या मुक्कामापर्यंतची सगळी वाट, छकड्याच्या बंद पडद्याआड, ही आणि बेगमसाहेबा. ही आणि हिची उर्दू. मी विचार केला, आता निकाल वेशीच्या अलीकडेच लागेल. मला इथे फक्त तो ऐकायला उभं राहायचं आहे. ‘जा,’ म्हटलं. आणखी काय म्हणणार? माझं तोंड अजून अर्धं सुजलेलं होतं. त्यांच्याबरोबर छकड्यात बसायला मीही स्वतःला नेलं नसतं.

सोमवारी दिवेलागणीला मी गोठा सारवत होते. पाटलीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

‘मास्तरीणबाई, उद्या काय करायलाव?’

‘उद्या शाळा उघडते. सगळ्या गावाला सांगितलंय.’

‘तुमी सांगितलं सा शहरेवर. आमाला काय कळतंय शहरेवर? उद्या मंगळवार हाय. आखाडाचा. गावानं वार धरलाय.’

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आषाढातले मंगळवार आमच्याकडे मरीआईचे. गाव वार धरतं म्हणजे त्या दिवशी औत जुंपायचं नाही, जातं फिरवायचं नाही, केरसुणी हातात घ्यायची नाही. वेशीला कडुलिंबाचं तोरण बांधतात. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गावातलं कुणी बाहेर जात नाही, बाहेरचं कुणी आत येत नाही. सरकार फसलीनं चाले, गाव वारानं. मी दोन्ही जाणणारी. जिंतूरला आमच्या आळीतही वार धरत. तरी तारीख वाचली आणि वार मोजलाच नाही. ट्रेनिंगला गेल्यावर माणूस एवढं शहाणं होतं.

‘वार मोडता येणार नाही का?’ मी विचारलं.

‘तीन सालांखाली एकानं मोडला. भरदुपारी पाव्हण्याला आत घेतलं. पटकीनं माझा थोरला नेला.’ त्यांनी ते असं सांगितलं, जसं कुणी विहिरीची खोली सांगतं.

ताडकळसला निरोप पाठवायला वेळ उरला नव्हता. उरला असता तर मी पाठवला असता का, हे मला कुणी विचारू नये.

पण शाळेचं काय? पाटलीणबाईंच्या ओसरीवर बायका जमल्या. प्रश्न असा की, वाराला काम चालत नाही, मग लिहिणं हे काम की काय?

‘औताला जू असतंय,’ एक म्हणाली. ‘पाटीला कुटं जू लावतेत?’

‘लेखणी धरावी लागती की वं.’

‘उलथनं बी धरावं लागतंय. भाकरी थापायलाव का न्हाई उद्या?’

तेवढ्यात मागून एक ठसक्यात म्हणाली, ‘अगं, आमचा मालक रोज म्हंतो, मास्तर बसून खातो, मास्तर बसून खातो. बसून करायचं ते काम कसलं?’

सगळ्या खो खो हसल्या. पाटलीणबाईंनी निकाल दिला. ‘साळा हे काम न्हाई. भरवा.’ माझ्या सगळ्या नोकरीत या धंद्याचा इतका मोठा अपमान माझ्या इतक्या उपयोगाला कधी आला नाही. शिवाय दुसऱ्या दिवशी खुरपणी बंद, दळण बंद, गोवऱ्या बंद. म्हणजे गावातली प्रत्येक पोरगी मोकळी.

मंगळवारी झाडता येणार नव्हतं, म्हणून सोमवारीच सगळं उरकलं. सकाळी घंटा वाजवली आणि पोरी आल्या. केसांना तेल लावून, परकर नेसून, भावंडं कडेवर घेऊन. झोळ्या भरल्या. चिंचोक्यांच्या ओळी मांडल्या. धूळपाट्यांवर मी एकेकीचा हात धरून पहिला ‘ग’ काढून घेतला. माझ्या कपाळाचं कुणी काही काढलं नाही, कारण काढायला आया आत नव्हत्या. भागीनं ‘ग’चा काना इतका लांब ओढला की तो शेजारणीच्या पाटीत गेला. मला वाटलं, ही माझी शाळा आहे. हे वाटणं अर्धा तास टिकलं असेल.

बाहेरून कुणी पोरगं ओरडलं, ‘येशीत छकडा आलाय! कुसूमबाई आल्यात!’

एका क्षणात गोठा रिकामा. पाट्यांतली धूळ उडाली, चिंचोके दाणादाण. कुणी ‘बाई, जाऊ का?’ असंही विचारलं नाही. मी उभी, आणि आढ्याला तीन झोळ्या हलताहेत. त्यांतलं एक रडू लागलं. हेवा म्हणजे काय, ते मला तिथं पूर्ण कळलं. रडणारं मूल आपल्या झोळीत आणि ज्यांच्यासाठी झोळी बांधली त्या दुसरीकडे.

मी दोघांना दोन कडेवर घेतलं, तिसऱ्याला पाठीशी बांधलं आणि वेशीकडे निघाले.

तिथं तमाशा चालला होता. लिंबाच्या तोरणाच्या आत पाटलीणबाई उभ्या, दोन्ही हात कमरेवर. बाहेर छकडा. पडद्यातून चष्मा लावलेल्या, साठीकडे झुकलेल्या बेगमसाहेबा डोकावताहेत. खाली उतरलेली कुसुम हात जोडून पाटलीणबाईंना विनवतेय. पुरुषमाणसं पडद्याच्या अदबीनं दूर सरकून उभी.

‘पाटलीणबाई, साहेबा परभणीहून आल्यात. सरकारी काम आहे.’

‘असू दे माय. सरकारला तू वळखतीस, मरीआईला मी वळखते. दिवस मावळू दे, मंग आरती करून आत घेते.’

‘भई, ये क्या माजरा है?’ बेगमसाहेबा म्हणाल्या. ‘मदरसा है कि नहीं यहाँ? हमको शाम से पहले लौटना है.’

मला काय वाटलं म्हणून सांगू! कुसुम वेशीबाहेर आणि मी आत. गोड गळा, खडीसाखर, छकडा, सगळं तोरणापलीकडे अडकलेलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? पण बरं वाटून पगार चालू होत नाही. बेगमसाहेबा तशाच परत गेल्या असत्या, तर ‘मदरसा नदारद’, म्हणजे शाळाच नाही, एवढाच शेरा आला असता, आणि आम्ही दोघीही घरी.

मी पोरींना हाक मारली. माझा आवाज गोड नाही, पण लांब जातो. ‘चला, तोरणाच्या आत ओळीनं बसा. लहान पुढं, मोठ्या मागं. भागी, हा तुझा भाऊ घे.’ बसल्या. मग मी पुढं होऊन माझ्या उर्दूत म्हटलं, ‘साहेबा, मदरसा हाज़िर है. आज मदरसा येशीतच है. तुमी वहाँसे देखो, हम यहाँसे दिखाते.’

बेगमसाहेबा मोठ्यानं हसल्या. छकड्यातून उतरून बाहेरच्या पिंपळाखाली सतरंजीवर बसल्या. ‘ठीक है. दिखाओ. पर पहले ये बताओ, तुम्हारे चेहरे को क्या हुआ?’

‘बिब्बा,’ मी म्हटलं. बिब्ब्याला उर्दूत काय म्हणतात, ते मला तेव्हा आठवलं नाही. नंतर कधी गरज पडली नाही.

त्यांनी पोरींना नावं विचारली. पोरींनी तोंडं परकरात घातली. पहिल्याच दिवशी दाखवायला होतं काय? एक ‘ग’, तोही धुळीत, तोही गोठ्यात. फळा गोठ्यात. झोळ्या गोठ्यात. माझं सगळं काम भिंतीला आणि आढ्याला चिकटलेलं, उचलून आणता येत नव्हतं.

आणि तोरणापलीकडून कुसुमनं सूर धरला. पोरींची डोकी परकरातून वर आली. सगळ्या एका आवाजात दुआ म्हणू लागल्या, माझ्याकडे पाठ आणि तिच्याकडे तोंड करून. कडेवरची पोरंही गप्प झाली. दूर उभे पुरुष जवळ यायला लागले, त्यांना कुणीतरी हटकलं. बेगमसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

‘वाह बेटी! ये दो दिन में?’

‘साहेबा, हे सगळं अक्कांचं आहे,’ कुसुम उर्दूत म्हणाली. आणि तिनं सांगितलं. भिंत कशी लिंपली, फळ्यासाठी बिब्बे कढवले, हात भाजून घेतले, झोळ्या बांधल्या म्हणून मुली बसू शकल्या. इतकं नीट, इतकं नेमकं. माझं कौतुकसुद्धा चांगल्या भाषेत तिनंच करावं! मला ते माझं स्वतःचंही करता आलं नाही. त्या दिवशी तिनं केलेल्या सगळ्या चांगुलपणात हा मला सर्वांत जास्त झोंबला.

बेगमसाहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्या कुसुमला म्हणाल्या, ‘तुमको यहाँ नहीं छोड़ेंगे. परभणी के बड़े मदरसे में ऐसी लड़की चाहिए. आज ही चलो, तुम्हारे वालिद से मैं बात करूँगी.’ आणि मान वळवून मला, ‘आप यहीं रहिए.’

झालं. ज्यासाठी मी पाच वर्षं जागले, ते एवढ्या एका वाक्यात मिळालं. नोकरी मला लागली ती मी तिच्यापेक्षा चांगली म्हणून नव्हे. मी नेण्यासारखी नव्हते म्हणून. जिला न्यायचं ती नेली, राहिली ती कायम केली. परभणीत तिची पुढची चढती कमान मी लांबून पाहत आले. कुणाच्या तरी तोंडून तिच्या बढतीची बातमी येतेच, आणि माझ्या पोटात अजून तोच बिब्बा उततो. वयानं या गोष्टी कमी होतात म्हणतात. माझ्या बाबतीत झालेल्या नाहीत.

पोरी रडल्या. कुसुमही रडली. आत येऊन कुणाला जवळ घेता येईना. तोरणापलीकडून हात हलवत राहिली. ‘अक्का, माझी ट्रंक!’ ती म्हणाली. ट्रंक खोलीत होती आणि वस्तूही सूर्य मावळेपर्यंत वेशीबाहेर जात नसे.

‘उद्या पाठवते,’ मी म्हटलं.

‘पोरींना सांभाळा अक्का.’

‘त्यासाठीच पगार आहे,’ मी म्हटलं. तिला वाटलं मी थट्टा करते. ती रडता रडता हसली.

छकडा गेला. पाट्यांचं गाठोडं तो वेशीबाहेर पिंपळाखाली ठेवून गेला होता. सूर्य मावळेपर्यंत त्यालाही आत यायची मुभा नव्हती. पाटलीणबाई तोरणाखाली माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

‘गेली गोड बाई,’ त्या म्हणाल्या.

‘गेली.’

‘जाऊ द्या. लिंब कडूच असतो, पर येशीला लिंबच बांधतेत.’

हे कौतुक की टोमणा, मी विचारलं नाही. अजूनही ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी आधी पाट्यांचं गाठोडं आत आणलं. कुसुमची ट्रंक दोरीनं आवळून बांधली आणि ताडकळसला जाणाऱ्या गाडीवाल्याच्या हवाली केली. मग ओलं फडकं घेऊन गोठ्यात गेले. पोपटासमोर उभी राहिले. पुसून टाकायचाच, असं ठरवून गेले होते. पण ‘प’ शिकवायचाच होता आणि पोपट काढणं मला जन्मात जमलं नसतं. पोपट ठेवला. खालचं नाव पुसलं. चुन्याचं होतं, एका हातात गेलं. मागं माझी काळी भिंत तशीच राहिली.

दारात भागी उभी होती, कडेवर भाऊ.

‘बाई, तितं काय लिव्हलेलं हुतं?’

तिला अजून वाचता येत नव्हतं, हे माझं नशीब.

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘पोराला झोळीत टाक आणि पाटी घे.’